परसातली भाजी आणि शहरातली माती

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातली कितीतरी माणसे पोटासाठी खामगाव, मलकापूर, शेगाव इकडे राहायला गेली. तिथेही ती घरामागे दोन वाफे करतात. वांगी, सांबार, पालक लावतात. हे चांगलेच आहे. पण शहरातली माती शेतातल्या मातीसारखी नसते. तिची आधी चौकशी करावी.

त्या मातीत शिसे असू शकते. शिसे म्हणजे एक जड धातू. जुन्या रंगाचे पोपडे भिंतीवरून गळतात, त्यांत ते असते. मोटारीच्या जुन्या बॅटऱ्या फोडतात, तिथे ते सांडते. पूर्वी पेट्रोलमध्येही शिसे घालत. आपल्या देशात ते २००० साली बंद झाले. पण शिसे कुजत नाही. जे मातीत पडले, ते तिथेच राहिले.

लहान मुलांना शिसे फार वाईट. मूल मातीत खेळते आणि तेच हात तोंडात घालते. पोटात शिसे गेले, तर बुद्धीची वाढ खुंटते. मूल अभ्यासात मागे पडते. आम्ही जन्मभर मुले शिकवली. 'याचे डोके चालत नाही' असे म्हणणे सोपे असते. पोर कोणत्या मातीत खेळते, हे कोण पाहतो?

मग खताने काय होते? कुजलेले खत शिशाला धरून ठेवते. मुळांना ते कमी मिळते. भाजीही जोमाने वाढते. पण ध्यानात ठेवा, खताने शिसे नाहीसे होत नाही. म्हणून असे करा :

१. रस्ता आणि जुनी रंगवलेली भिंत यांपासून दूर जागा निवडा.

२. विटा रचून फूटभर उंच वाफा करा. तळाशी गोणपाट अंथरा. वर शेतातली माती आणि खत भरा.

३. वांगी, भेंडी, भेदरे लावा. फळात शिसे कमी उतरते. पालक, मुळा, गाजर जुन्या जमिनीत लावू नका.

४. भाजी धुऊन घ्या. मुलांचे हात जेवणाआधी धुवा.

खत घरीच होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी 'नाडेप' रीत काढली. विटांचा हौद १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. भिंतींत हवेसाठी भोके ठेवायची. काडीकचरा, शेणकाला, माती असे थर द्यायचे. वरून शेणमातीने लिंपायचे. तीन-चार महिन्यांत खत तयार. घरापुरता हौद लहान चालतो. त्यातली मातीही चांगल्या जागेची हवी. रंगवलेले लाकूड, प्लास्टिक, कारखान्याची राख त्यात टाकू नका.

नेहमीच्या माती परीक्षणात शिसे मोजत नाहीत. माती तपासायला द्याल, तेव्हा शिशाचे वेगळे विचारा.

प्रश्न : तुमच्या परसाजवळ जुनी रंगवलेली भिंत आहे काय? मुले कुठे खेळतात? आज घरी जाऊन पाहा.