नदीकाठचा खड्डा : बुजवायचा की सावरायचा?



गेल्या महिन्यात गट ऑफिसात एक वयस्क सभासद आले. काठाची वीस गुंठे जमीन त्यांनी वाळू-खडीसाठी ठेकेदाराला दिली होती. तो बारा फूट खाली गेला आणि गाशा गुंडाळून निघून गेला. आबा म्हणाले, "सायेब, तेवढा खड्डा मुरमानं बुजवून द्या, औंदा आडसाली लागण करतो." आम्ही नको म्हणालो. आबा रागावले.

खरे सांगायचे तर पूर्वी आम्हीच एका सभासदाला असा खड्डा मुरूम आणि भट्टीची राख टाकून बुजवायला सांगितले होते. दोन वर्षे ऊस बराही आला. २०१९ च्या महापुरात भराव तर गेलाच, पण शेजारचा बांध आणि चार सऱ्याही नदीत गेल्या. त्या शेजाऱ्याला तोंड दाखवायची आम्हाला लाज वाटली. भराव मूळ मातीशी एकजीव झालेला नसतो. पुराचे पाणी नेमके त्या सांध्यात घुसते.

तेव्हा आधी काठ, मग ऊस. नदीकडची उभी कड तासून एक फूट उंचीला तीन फूट लांबी असा उतार करावा. त्यावर मृगाच्या पावसात वाळ्याचे फुटवे आडव्या ओळीत वीतभर अंतराने लावावेत. वाळ्याची मुळी सात-आठ फूट सरळ खाली जाते आणि मातीला शिवणीसारखी धरते. खालच्या अंगाला वाळुंज, वरच्या अंगाला करंज, उंबर, जांभूळ लावावे. मोठे झाड अगदी कडेवर नको. पुरात ते उलथले तर कड घेऊनच जाते. या पट्टीत नांगर घालू नये, जनावर सोडू नये.

आतल्या बाजूला ठेकेदाराने टाकलेली खरड पसरून त्यावर दीड-दोन फूट तलावातला गाळ घालावा. नुसत्या खडी-मुरमात पाणी ठरत नाही, दिलेले खत खाली निघून जाते. मग ताग पेरून फुलावर येताच, म्हणजे साधारण दीड महिन्यात, गाडावा. असे दोन पावसाळे करावे. प्रेसमड कुजवूनच घालावे. ताजे तापते आणि कोवळी मुळी भाजते. तळ पाण्याला लागला असेल तर तिथे मात्र उसाचा नाद सोडा. कडा उथळ उतरत्या करून ती जागा पाणथळ राहू द्या. उभ्या कडांचे खोल डबके ठेवाल तर त्यात पोरेबाळे आणि जनावरे बुडतील.

पाणथळ कशाला, असे आबांनीही विचारले. इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळ ट्रेंट नदीकाठी १९२९ पासून १९६७ पर्यंत वाळू-खडी काढली. ते खड्डे पाण्याने भरले, बेटे आणि बोरू राखले, आणि १९६६ मध्ये ॲटनबरो येथे राखीव क्षेत्र झाले. आज तिथे पक्षी बघायला माणसे येतात. आपल्याकडे तेवढी जागा नाही, पण वेडा राघू आणि खंड्या मातीच्या उभ्या कडेत बीळ करून अंडी घालतात. म्हणून प्रवाहापासून लांबची एखादी कड तासू नये. वेडा राघू दिवसभर किडेच खातो, हे विसरू नका. नदीसुरय तर पात्रातल्या उघड्या वाळूवरच अंडी घालतो. मगरीचीही अंडी उन्हाळ्यात काठच्या वाळूत असतात, आणि उपसा जोरात चालतो तोही उन्हाळ्यातच. (मगरीला जागा दिली म्हणून आमच्याशी भांडायला येऊ नये. काठाला ती आपल्याआधीपासून आहे.)

ज्यांनी अजून जमीन दिलेली नाही त्यांनी आधी आपली जॅकवेल आठवावी. वाळू गेली की पात्र खोल जाते, पाणी जॅकवेलच्या तोंडाखाली उतरते आणि काठच्या विहिरीही खालावतात. वाळू उपशाबाबतच्या केंद्राच्या २०२० च्या सूचनांतही तीन मीटरपेक्षा खोल जाऊ नये असे आहे. तरीही द्यायचीच असेल तर वरचा फूट-दीड फूट पोयटा वेगळा ढीग करून ठेवायचा आणि काम संपल्यावर परत पसरायचा, हे करारात लिहून घ्या. ठेकेदार पहिल्यांदा पोयटाच विकतो.

आबांच्या वीस गुंठ्यांपैकी सहा गुंठे नदीच्या पट्टीला गेले, चार पाणथळीला. उरलेल्या दहात यंदा ताग आहे. आबा अजून कुरकुरतात, पण वाळ्याचे फुटवे त्यांनी स्वतः लावले. ज्यांना असा खड्डा आहे त्यांनी मातीचा नमुना घेऊन शेतकी ऑफिसात यावे. वाळ्याचे बेणे आबांकडून मिळेल.