मातीचे डोहाळे

"बाई, माझी पेन्सिल कुठं गेली?" पहिलीतली एक पोर पाटी पुढे करून विचारत होती. तिची पेन्सिल माझ्या मुठीत होती, पदराआड, अर्धी खाल्लेली. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली.

मला पाचवा महिना होता. माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवत होते. जूनमध्ये पहिला पाऊस पडला, वर्गामागच्या भिंतीचा ओला वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. ती भूक नव्हती. भूक भाकरीनं भागते, ही ओढ जेवून उठल्यावरही तशीच राहायची. आधी पाटीवरची पेन्सिल, मग आठवडी बाजारातली भाजकी माती. विटकरी रंगाचे, धुरकट वासाचे तुकडे. दाताखाली कटकन मोडायचे आणि मग जिभेला चिकटून बसायचे. दिवसाला मूठभर तरी संपत.

सासूबाईंना कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. "पोटातलं लेकरू मागतंय. डोहाळे मारले तर पोराची लाळ गळती," असं म्हणून पुढच्या बाजाराला त्यांनी स्वतःच पुडी आणली. मायेनंच आणली, त्यांना मी आजही बोल लावत नाही. पण आमच्या घरात पपईला बंदी, अननसाला बंदी, आणि मातीला मात्र मोकळीक! तपासणीला गेले की मी चिंच आवडते, लोणचं आवडतं एवढंच सांगायचे. शाळेतली बाई माती खाते, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? माझी खरी चूक ती होती. खाणं हातात नव्हतं, सांगणं हातात होतं.

आशाताईंनी लोहाच्या लाल गोळ्या घरी आणून दिल्या होत्या. मी त्या सकाळच्या चहाबरोबर घ्यायचे. चहामुळे लोह अंगी लागत नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. त्यात मळमळायचं, शौचाला काळी व्हायची. घाबरून दीड महिन्यात गोळ्या बंद केल्या. शौचाला काळी होणं हा त्या गोळ्यांचा नेहमीचा परिणाम आहे, त्यात भिण्यासारखं काही नाही, हे मला नंतर कळलं.

सातवा लागला तशी फळ्यावर चार ओळी लिहिल्या की धाप लागू लागली. उपकेंद्रातल्या सिस्टरनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली, नखं उजेडात धरली. मग हलकेच विचारलं, "माती खातेस का गं?" मला रडूच फुटलं. हिमोग्लोबिन ७.२ निघालं. गरोदरपणात ते ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात आणि ७ च्या खाली गेलं की तीव्र रक्तक्षय.

डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. माती, खडू, राख, कच्चे तांदूळ, बर्फ यांची अशी अनावर ओढ लागते, ती बऱ्याचदा अंगातलं लोह कमी झालं म्हणूनच. आणि पोटात गेलेली माती अन्नातलं लोह धरून ठेवते, रक्तात जाऊ देत नाही. म्हणजे खाल तसं रक्त कमी आणि रक्त कमी तशी ओढ जास्त. मातीत जंतांची अंडी असू शकतात, शिसं असू शकतं. भाजल्यानं जंत मरतील, पण शिसं कुठं जाणार? ते वारेतून बाळापर्यंत पोचतं. हे ऐकताना माझा हात आपोआप पोटावर गेला.

मला सलाइनमधून लोह दिलं, तेही टप्प्याटप्प्यानं. दोनेक आठवड्यांनी बाजारातून जाताना त्याच टोपलीचा वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं नाही. मी तिथंच थांबून पुन्हा वास घेऊन पाहिला. काहीच नाही. लेक झाली ती २ किलो २०० ग्रॅमची. अडीच किलोच्या आत बाळ हलकं धरतात. मातीमुळेच असं झालं, असं कुणी म्हणालं नाही, तसं खात्रीनं म्हणताही येत नाही. पण अंगठीत मावेल असं तिचं मनगट मी विसरलेले नाही.

म्हणून माझ्या मैत्रिणींनो, आंबट, तिखट, गोड खावंसं वाटलं तर घरचं, ताजं खुशाल खा. पाणीपुरी हवी तर पाणी उकळून गार करून घरीच करा. दूषित पाण्यातून होणारी 'ई' प्रकारची कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतते. पण जे अन्नच नाही त्याची ओढ लागली, तर लाजू नका, त्याच दिवशी सिस्टरला सांगा. लोहाची गोळी चहा-कॉफीपासून तासभर तरी लांब ठेवा, लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या, दोन्ही एकत्र नकोत. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घेऊन बघा, पण मनानं बंद करू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला. त्यातल्या किती जणी पदराआड काही लपवत असतील?

आमच्या शाळेत यंदा एक नवी शिक्षिका आली आहे, चौथा महिना आहे. परवा मधल्या सुट्टीत तिच्या ओठाच्या कडेला पांढरी पूड दिसली. मी काही विचारलं नाही, आधी माझंच सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली, मग तिनं पर्समधून खडूचे तीन तुकडे काढून माझ्या हातावर ठेवले. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. उद्या ९ तारीख आहे. आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं निघतोय.