संकेतस्थळासाठी प्रणालीची निवड : वर्डप्रेस, जूमला की ड्रुपल?

वैद्यकीय संस्थेचे संकेतस्थळ असावे की नसावे, हा प्रश्न आता उरलेला नाही. ते कोणत्या पायावर उभारावे आणि उभारल्यानंतर त्याची निगा कोणी राखावी, हा खरा प्रश्न आहे. बडोद्यासारख्या शहरात, जिथे आपले वाचक मराठी, गुजराती व इंग्रजी अशा तिन्ही भाषांतून वावरतात, तिथे हा प्रश्न अधिकच विचारपूर्वक सोडवावा लागतो. मी बालरोगतज्ज्ञ आहे, संगणकतज्ज्ञ नव्हे. तथापि संस्थेच्या कार्यकर्त्यांना निर्णय घेताना उपयोगी पडेल, इतपत तुलना येथे मांडण्याचा प्रयत्न करीत आहे.

निगा का महत्त्वाची?

माझ्याच विषयातील उदाहरण घेतो. २५ एप्रिल २०१६ रोजी भारतात पोलिओची तीन विषाणुप्रकारांविरुद्धची तोंडी लस थांबवून दोन प्रकारांविरुद्धची लस सुरू झाली. २०१७ पासून गोवर-रुबेला लस टप्प्याटप्प्याने आली. जानेवारी २०२३ पासून इंजेक्शनवाटे द्यावयाच्या पोलिओ लशीची तिसरी अंशमात्रा नवव्या महिन्यात देण्यास आरंभ झाला. २०१५ साली तयार करून तसेच सोडून दिलेले लसीकरणाचे पान ह्यांतले काहीच सांगणार नाही. आणि ते डॉक्टरांच्या संस्थेचे असल्यामुळे आई त्यावर विश्वास ठेवील. जुनी माहिती ही मुदत संपलेल्या औषधासारखी असते. वेष्टन मात्र तेच राहते.

पूर्वी असे पान बदलण्यासाठी ज्याने ते बनवले त्यालाच बोलवावे लागे. आशय व्यवस्थापन प्रणालीने ही अडचण दूर केली. मजकूर डेटाबेसमध्ये, मांडणी साच्यात आणि दोहोंची सांगड घालणारा प्रोग्रॅम सर्व्हरवर, अशी तिची रचना असते. पासवर्ड असलेला कोणीही पदाधिकारी टंकलेखन येत असेल तर मजकूर बदलू शकतो.

तीन प्रणालींचा परिचय

येथे विचारात घेतलेल्या तिन्ही प्रणाली मुक्तस्रोत आहेत. तिन्ही पीएचपी भाषेत लिहिलेल्या असून जीपीएल परवान्याखाली विनामूल्य मिळतात.

ड्रुपल ही तिघींत वडील. बेल्जियमचे ड्रीस बॉयटार्ट यांनी ती २००१ साली सर्वांसाठी खुली केली. वर्डप्रेस २००३ साली मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी एका जुन्या प्रोग्रॅमच्या आधारे घडवले. जूमला २००५ साली ‘मांबो’ ह्या प्रणालीतून फुटून निघाली. तिचे नाव ‘सर्व मिळून’ अशा अर्थाच्या स्वाहिली शब्दावरून घेतले आहे. तो शब्द मूळ अरबी. आपल्या मराठीतील ‘जुमला’ त्याचाच भाऊबंद.

आज जगातील सुमारे चाळीस टक्के संकेतस्थळे वर्डप्रेसवर चालतात. अन्य दोघींचा वाटा त्यामानाने फारच अल्प आहे. परंतु औषध जास्त खपते म्हणून ते प्रत्येक रुग्णाला योग्य ठरत नाही, हे वैद्यकीय वाचकांस सांगावयास नको.

तुलना

सुलभता : वर्डप्रेस शिकण्यास सर्वांत सोपे. पाने व छायाचित्रे चढवणे एका दुपारच्या सरावाने जमते. जूमलात वर्ग, मेनू व ‘मॉड्यूल’ ह्यांचा परस्परसंबंध समजण्यास थोडा वेळ लागतो. ड्रुपल हे जाणकार हातांसाठी आहे. गुंतागुंतीच्या माहितीची रचना त्यात उत्तम साधते. पण उभारणीला प्रोग्रॅमरची गरज बहुधा भासतेच. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘ड्रुपल सीएमएस’ ह्या नव्या संचाने ही वाट पुष्कळ सोपी करण्याचा प्रयत्न केला आहे.

भाषा : एकच पान दोन-तीन भाषांत ठेवण्याची सोय जूमला व ड्रुपल ह्यांच्या मूळ संचातच आहे. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी वेगळे प्लगइन बसवावे लागते. बहुभाषी नगरातील संस्थेने हा मुद्दा दुर्लक्षू नये. कोणतीही प्रणाली घेतली तरी मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर शोधयंत्राला मराठी म्हणून ओळखता येत नाही. पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत ठेवणे सोयीचे. कारण देवनागरीचे एकेक अक्षरचिन्ह पत्त्यात नऊ चिन्हांचे रूप घेते आणि संदेशातून पाठवलेला दुवा ओळभर लांबतो.

अधिकार : वैद्यकीय मजकूर एकाने लिहावा आणि दुसऱ्याने तपासून प्रसिद्ध करावा, हे इष्ट. वर्डप्रेसमध्ये ‘योगदानकर्ता’ लिहू शकतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. साध्या संस्थेला एवढे पुरते. जूमलातील अधिकारांची विभागणी याहून सूक्ष्म आहे. मजकुराचे तपासणीचे टप्पे आखण्याची सोय तिच्यात २०२१ च्या चौथ्या आवृत्तीपासून मिळाली. ड्रुपल ह्या बाबतीत सर्वांत समर्थ आहे.

सुरक्षितता : ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपलमध्ये गंभीर त्रुटी आढळली. घोषणेनंतर सात तासांत दुरुस्ती न केलेली संकेतस्थळे बाधित झाली असे समजूनच चालावे, असा इशारा खुद्द त्यांच्या सुरक्षा पथकाला द्यावा लागला. वर्डप्रेसचा मूळ गाभा बराच सुरक्षित आहे. बहुतेक छिद्रे बाहेरून जोडलेल्या प्लगइनमधून पडतात. म्हणून प्लगइन मोजकेच असावेत. औषधांची गर्दी जशी रुग्णाला, तशी प्लगइनची गर्दी संकेतस्थळाला बाधते. किरकोळ सुधारणा आपोआप बसवण्याची सोय वर्डप्रेसमध्ये २०१३ पासून आहे. जूमलात ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली.

आयुर्मान : प्रत्येक आवृत्तीला शेवट असतो. ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला, आणि तीवरून पुढच्या आवृत्तीत जाणे हे जवळजवळ नव्याने बांधकाम करण्यासारखे होते. विनामूल्य प्रणालीचा खर्च असा पुढे समोर येतो. त्यात डोमेन, होस्टिंग व देखभाल ह्यांचा वार्षिक खर्च मिळवावा आणि मगच अंदाजपत्रक मांडावे.

निष्कर्ष

शे-दोनशे सदस्यांच्या मंडळाला, जिथे काम हौशी कार्यकर्त्यांवर चालते, वर्डप्रेस पुरेसे आहे. कारण पुढच्या वर्षीच्या चिटणीसालाही ते चालवता येईल. तीन भाषांतील मजकूर नियमितपणे द्यावयाचा असेल व थोडे शिकण्याची तयारी असेल, तर जूमलाचा विचार अवश्य करावा. ड्रुपल मोठ्या रुग्णालयाने वा विद्यापीठाने, कायमचा तंत्रज्ञ नेमून मगच घ्यावे.

प्रणाली कोणतीही असो, काही पथ्ये पाळावीतच. डोमेनची नोंदणी व्यक्तीच्या नव्हे तर संस्थेच्या नावावर असावी. पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावेत. बॅकअप सर्व्हरव्यतिरिक्त अन्यत्र ठेवावा आणि तो परत बसतो की नाही, हे वर्षातून एकदा पडताळून पाहावे. प्रत्येक वैद्यकीय पानाखाली ते तपासणाऱ्या डॉक्टरांचे नाव व तपासणीची तारीख द्यावी. रुग्णांची माहिती अशा संकेतस्थळावर साठवूच नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक गणला गेला असून त्याच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीचे तत्त्व त्यात घातले आहे. बालकांची छायाचित्रे लावतानाही हे ध्यानात ठेवावे.

कार्यकारिणीने प्रणालीवर मतदान घेण्याआधी एक नाव निश्चित करावे : दर तीन महिन्यांनी प्रत्येक पान उघडून वाचणाऱ्या सदस्याचे. ते नाव मिळाले, तर तिघींपैकी कोणतीही प्रणाली उपयोगी पडेल. आणि न मिळाले, तर लसीकरणाचे पान मुळीच न लावणे हेच बालकांच्या हिताचे होईल.