जेसीबी-पोकलेनवर एकदम अनेक एरर? आधी वायर तपासा

मृगाआधी शेततळी उरकायची घाई आहे. नव्या मशीनमध्ये इंजिन, मीटर यांचे कंट्रोलर ‘कॅन’च्या दोन पिळलेल्या तारांवर एकमेकांशी बोलतात. सगळे सेन्सर एकदम जात नाहीत. बहुधा तार, प्लग किंवा अर्थिंग सैल असतं.

1) बॅटरी, फ्यूज, अर्थिंग बघा.
2) बॅटरीची वायर काढा. मिस्त्रीला कॅन-हाय व कॅन-लो यांच्यामधला रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजायला सांगा:
60 ओहमच्या आसपास – तारा बहुधा ठीक
120 – तार तुटलेली किंवा एका टोकाचा रेझिस्टर गेलेला
0 जवळ – तारा शॉर्ट
3) प्लगमधलं पाणी, गंज, उंदरानं कुरतडलेली वायर शोधा.

एवढं बघितल्याशिवाय महागडा ईसीएम बदलू देऊ नका. मशीनवर वेल्डिंग करायच्या आधी बॅटरी काढाच.

– कृषी सल्ला, आपली शेतकरी उत्पादक कंपनी