वजन उतरलं, पण नडगी अजून तयार नाही

“डॉक्टर, दम तर अजिबात लागत नाही. मग पायच का दुखतोय?” पावसाळा सरत आला की हा प्रश्न घेऊन येणारे पेशंट वाढू लागतात. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी नाहीतर जवळपासच्या एखाद्या पाच-दहा किलोमीटरच्या शर्यतीसाठी नाव नोंदवून झालेलं असतं. विचारणारे बहुतेक जण चाळिशीच्या आसपासचे, आणि गेल्या वर्षभरात पंधरा-वीस किंवा त्याहून जास्त किलो वजन उतरवलेले. पँटचा पट्टा चार भोकं आत गेलेला असतो, चेहरा खुललेला असतो आणि चालताना एक पाय किंचित लंगडत असतो.

आधी तुमचं मनापासून अभिनंदन. लग्नाच्या पंगतीत आग्रहाला नको म्हणत, घरच्यांचे टोमणे ऐकत वीस किलो वजन उतरवणं ही साधी गोष्ट नाही. त्याचा फायदाही खरा आहे. गुडघेदुखी असलेल्या माणसाचं एक किलो वजन कमी झालं, की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. पळाल्याने गुडघे झिजतात, ही भीतीही सोडून द्या. हौसेने आणि माफक पळणाऱ्यांचे गुडघे न पळणाऱ्यांपेक्षा जास्त झिजतात असं काही दिसलेलं नाही. तेव्हा तुम्ही पळावं असंच मला वाटतं. माझा विरोध एकाच समजुतीला आहे, आणि ती काही केल्या जात नाही. ती म्हणजे, दम टिकतोय, वजनही उतरलंय, म्हणजे आता शरीर पळायला तयार झालं.

तसं नसतं. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात. स्नायूंना थोडा जास्त वेळ लागतो. स्नायू हाडाला बांधून ठेवणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडं यांना मात्र महिने लागतात. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. पळताना प्रत्येक पावलाला तुम्ही क्षणभर हवेत असता आणि उतरताना एकाच पायावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. सत्तर किलोच्या माणसाच्या पायावर दीडशे ते दोनशे किलो, आणि असं मिनिटाला दीडशेहून जास्त वेळा. नव्या भाराला हाड उत्तर देतं, पण आपल्या पद्धतीने. जुना भाग पोखरणाऱ्या पेशी आधी कामाला लागतात, त्यांचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं. नवं हाड भरणाऱ्या पेशींना तीन-चार महिने लागतात. रस्ता खोदून झालाय, डांबर अजून पडायचंय, आणि नेमक्या त्याच वेळी तुम्ही त्याच्यावरून वाहतूक वाढवता. म्हणूनच दुखणं पहिल्या आठवड्यात क्वचितच येतं. ते येतं तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात, ‘आता जमायला लागलं’ असं वाटत असतानाच.

वजन उतरवलेल्यांच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. भराभर उतरवलेलं वजन सगळं चरबीचं नसतं. साधारण चौथा हिस्सा स्नायू वगैरेंचा असतो, आणि खुब्याच्या हाडाची घनताही थोडी कमी होते. दिवसातून एकदा-दोनदाच जेवून, प्रथिनांकडे दुर्लक्ष करून वजन उतरवलं असेल तर ही घट वाढते. भूक कमी करणारी आठवड्याची इंजेक्शनं घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर हाडांचं नुकसान जास्त होतं, शिवाय लोह, बी-१२, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता राहते. म्हणजे काटा खाली आला, पण भार झेलणारी हाडं आणि स्नायूही पूर्वीइतके भक्कम राहिले नाहीत.

बेचाळीस वर्षांच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. दीड वर्षात चोवीस किलो वजन उतरवलेलं, आणि तेही रोज चालून, घरचं जेवून. मग शाळेतल्या सहकाऱ्यांबरोबर पळायला लागल्या. मोबाइलवर ‘एकवीस दिवसांत पाच किलोमीटर’ असा कार्यक्रम मिळाला, तो एकही दिवस न चुकवता पूर्ण केला. पाचव्या आठवड्यात उजवी नडगी दुखू लागली. कुणीतरी सांगितलं, “सुरुवातीला दुखतंच, पळत राहा, दुखणं आपोआप जिरेल.” त्यांनी ओवा-लसणाचं गरम तेल चोळून घेतलं. मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणलं आणि ती गोळी घेऊन पळत राहिल्या. मग एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. घरच्यांनी निकाल दिला, “काही नाहीये, मनाचे खेळ आहेत.” माझ्यासमोर बसल्या तेव्हा मी विचारलं, नेमकं कुठे दुखतंय ते एका बोटाने दाखवा. त्यांनी तर्जनी नडगीच्या आतल्या कडेवर, घोट्याच्या वीतभर वर टेकवली. मी तिथे दाबताच त्यांनी पाय मागे ओढला. एमआरआयमध्ये नडगीच्या हाडात बारीक चीर दिसली. तीन आठवड्यांपूर्वी आल्या असत्या तर पंधरा दिवसांच्या विश्रांतीवर काम भागलं असतं, आता दोन महिने पळणं बंद.

ते एक बोट तुम्हीही लक्षात ठेवा. नवख्या माणसाच्या पोटऱ्या आणि मांड्या दुसऱ्या दिवशी आखडतात. दोन्ही पाय सारखेच दुखतात, चार पावलं चाललं की सुटतात, दोन-तीन दिवसांत विसरायला होतं. त्याला घाबरू नका. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर लांबीत ठणकत असेल, तर हाडावरचं आवरण आणि हाड दोन्ही कुरकुर करताहेत असं समजा, पळणं थांबवून चालण्यावर या. पण दुखणं एका बोटाखाली मावत असेल, एकाच पायात असेल, पळताना कमी न होता वाढत जात असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, किंवा त्या पायावर एकदा उडी मारताच कळ येत असेल, तर ते दुखणं हाडाचं आहे असं धरून चाला आणि दाखवायला या. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बारीक चीर बहुधा दिसतच नाही. तेव्हा ‘एक्स-रे नॉर्मल’ याचा अर्थ ‘पळा’ असा होत नाही.

जांघेत दुखत असेल तर त्याच दिवशी पळणं बंद. खुब्याच्या हाडाच्या मानेला चीर पडली की दुखणं जांघेत येतं. लोक त्याला ‘लचक’ समजून मालीश करून घेतात. ती चीर सरकली तर ऑपरेशन करावं लागतं. यात मालीश नाही, शेक नाही, ‘आणखी दोन दिवस बघू’ही नाही.

आता औषधांबद्दल, आणि इथे मी रागावणार आहे. पळण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊ नका. तुम्हाला थांबवणारी एकमेव सूचना ती दाबून टाकते. शिवाय घाम जाऊन शरीर सुकलेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. रक्तदाबाची काही औषधं आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. दुसरं, ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी. ती बहुधा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ‘हाडं मजबूत होतील’ म्हणून रोज एक पुडी घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडावर परिणाम होतो. तिसरं, वजन उतरल्यावर सैल झालेल्या कातडीच्या घड्यांत, मांड्यांमध्ये घामाने नायटा येतो. त्यावर दुकानातून आणलेल्या अनेक ‘मिक्स’ ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते, मग नायटा दुप्पट पसरतो आणि नंतर महिनोन्‌महिने हटत नाही. पळून आल्यावर ओले कपडे बदला, घड्या कोरड्या करा, घासणाऱ्या जागी पळण्याआधी व्हॅसलिन लावा, आणि गोल चट्टा दिसला तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

जुन्या गोळ्यांचाही हिशेब पुन्हा मांडावा लागतो. पंचाण्णव किलो वजन असताना ठरवलेला रक्तदाबाच्या गोळीचा डोस बहात्तर किलोला जास्त होऊ शकतो. बसून उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, पळून थांबल्यावर भोवळ येते, आणि लोक म्हणतात, अशक्तपणा आहे. बीपी बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा मोजून घ्या. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि तुम्ही उपाशीपोटी पळत असाल, तर साखर एकदम उतरू शकते. हात थरथरले, गार घाम फुटला, काही सुचेनासं झालं तर लगेच थांबा आणि तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या. पळताना ती खिशात असू द्या. पण ‘आता बारीक झालो’ म्हणून स्वतःच गोळ्या बंद करू नका. डोस कमी करणं हे तुमच्या डॉक्टरांचं काम आहे, त्यांच्याकडून करून घ्या.

आणि छाती. वजन उतरलं म्हणून धमन्यांमध्ये आधी साठलेलं सगळं निघून जात नाही. वर्षानुवर्षं मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा मिसरी, घरात कमी वयात कुणाला हार्ट अटॅक, यांतलं काही असेल तर पळायला लागण्याआधी तपासून घ्या. नुसता झोपून काढलेला ईसीजी नॉर्मल आला की काम झालं असं नाही. कष्ट केल्यावर छातीत दडपण आलं, जबडा किंवा हात भरून आला, नेहमीच्या चढाला नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, पळताना शुद्ध हरपली, तर तो ‘गॅस’ नाही. सोडा पिऊन वाट पाहत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

मग सुरुवात करायची कशी? आधी चाला. आठवड्यातून पाच दिवस, चाळीस मिनिटं भरभर, कुठेही न दुखता, निदान महिनाभर. त्यानंतर आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस सोडून, पाच मिनिटं चालून अंग गरम करायचं, मग एक मिनिट हळू पळायचं आणि दीड-दोन मिनिटं चालायचं, असं वीस मिनिटं. जगभर नवखे ज्याने सुरुवात करतात तो नऊ आठवड्यांचा कार्यक्रम असाच सुरू होतो. ज्यांचं वजन बरंच उतरलंय त्यांनी त्यातला प्रत्येक आठवडा दोनदा करावा असं माझं मत आहे. पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. डांबरी रस्त्याच्या उताराच्या कडेने रोज एकाच बाजूला पळू नका, मैदानाची सपाट माती असेल तर उत्तम. पावसाने मध्ये दोन आठवडे खाडा झाला, तर दोन आठवडे मागे जाऊन सुरू करा.

न पळण्याच्या दिवसांतले दोन दिवस पायांना ताकद द्या. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा वर-खाली करा, आधी दोन्ही पायांवर, मग एकेका पायावर. एका पायावर सलग वीस वेळा जमेपर्यंत पळण्याचा वेळ वाढवू नका. हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा-पंधरा वेळा उठबस करा. घरात, चहा उकळेपर्यंत होणारा हा व्यायाम आहे आणि तरीही लोक तोच टाळतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

खाणं आता थोडं वाढवावं लागेल. सत्तर किलोच्या माणसाने दिवसाला सत्तर ते ऐंशी ग्रॅम प्रथिनं घ्यावीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी विचारा. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅमच असतात, एका अंड्यात सहा. तेव्हा मोडाच्या मटकीची उसळ, दही, पनीर, अंडी, मासे यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. वजन उतरवायचं आणि अंतरही वाढवायचं, असं एकाच महिन्यात करू नका. बायकांनो, पाळी लांबायला किंवा बंद व्हायला लागली तर ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणू नका. गरोदरपणा आणि पाळी जाण्याचं वय यांचा विचार करून झाल्यावर उरणारं एक महत्त्वाचं कारण म्हणजे शरीराला खाणं पुरत नाहीये, आणि त्याची झळ हाडांना लागते.

पळायला लागण्याआधी किंवा दुखायला लागल्यावर दाखवायला याल तेव्हा तीन गोष्टी बरोबर आणा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पट्टीसकट, ऑनलाइन मागवलेली पावडर आणि काढेसुद्धा. गेल्या सहा आठवड्यांत कोणत्या दिवशी किती मिनिटं पळालात याचा कागद. आणि ज्यांत पळता ते बूट. वजन बरंच उतरल्यावर कधीकधी पाऊलही बारीक होतं आणि जुना बूट सैल पडतो. शिवाय तळ कुठल्या बाजूला झिजलाय हे पाहिलं की तुम्ही पाय कसा टाकता याचा अंदाज येतो. नवे बूट घ्यायचे असतील तर संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, पळतानाचे मोजे घालून घ्या.