खिशातली इंटरनेटची डबी

पुण्याची मंडई १८८६ साली सुरू झाली. तिथे आता फोनवरही पैसे येतात. गिऱ्हाईक म्हणते, "पैसे पाठवले." पण आपल्या फोनला रेंज नसेल, तर कसे कळावे?

प्रवासात नेण्याजोगी एक डबी मिळते. तिला राऊटर म्हणतात. तिच्यात सिमकार्ड घालतात. टॉवरकडून आलेले इंटरनेट ती जवळच्या फोनांना वाटते.

घेण्याआधी तीन गोष्टी पाहू. गावात, वाटेत आणि मंडईत कोणत्या कंपनीची रेंज चांगली? डबीत कोणतेही सिम चालते का? चार्जिंग किती तास टिकते?

फोनच्याच कंपनीचे सिम डबीत घातले, तर फारसा लाभ नाही. टॉवर तोच की! आम्हांला विचाराल, तर आधी फोन पाहा. त्यात दोन सिमची सोय असेल, तर दुसऱ्या कंपनीचे सिम घाला. मग डबीचा खर्च वाचेल.

पैसे आलेले पाहावे, मगच माल द्यावा.