नाण्यावरील चेहरा एका बाजूने का?

जुन्या नाण्यांचा संग्रह पाहताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. इंग्रजी अमलातील रुपयावर राणी व्हिक्टोरिया आहे, सातवा एडवर्ड आहे, पाचवा जॉर्ज आहे. परंतु त्यांच्यापैकी एकाचीही नजर आपल्याकडे नाही. प्रत्येकजण नाण्याच्या कडेकडे पाहत असतो. इ.स.पूर्व ४४ मधील रोमन नाण्यांवरील जूलियस सीझरही तसाच. चित्रकारांनी राजांना समोरून रंगवताना संकोच केला नाही. मग नाण्यासाठी ठसा कोरणाऱ्यानेच तो का करावा?

याचे उत्तर टांकसाळीत सापडते. नाणे पाडताना धातूची कोरी चकती दोन ठशांमध्ये ठेवून तिच्यावर जोराचा दाब देतात. ठशात जेथे खोल कोरलेले असते, तेथे धातू शिरतो आणि नाण्यावर उठाव येतो. एवढ्या दाबाने धातू फार खोल शिरत नाही, म्हणून उठाव बेताचाच ठेवावा लागतो. अशा उथळ जागेत समोरचा चेहरा बसवायचा, तर खरी पंचाईत होते ती नाकाची. ते खरे वाटावे म्हणून उंच ठेवले, तर तेच सर्वांत आधी झिजते. दाबून बसवले, तर चेहरा चपटा दिसतो. बाजूने दाखवलेल्या चेहऱ्यात मात्र नाक वर येत नाही, कडेला जाते. कपाळ, नाक, ओठ आणि हनुवटी यांची एक सलग रेषा तयार होते. नाणे झिजले, तरी ही रेषा बराच काळ टिकते आणि माणूस ओळखायला तेवढी पुरते.

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला हा धडा महागात पडला. खजिना रिता झाल्यामुळे १५४४ पासून त्याने नाण्यांतील चांदी कमी करून तांबे वाढवले. दोन-तीन वर्षांतच चांदी एक तृतीयांशावर आली. वरून मात्र नाणे चांदीसारखेच दिसे. त्याच्या आधीच्या नाण्यांवर त्याचा चेहरा बाजूने होता. या नव्या नाण्यांपैकी अनेकांवर तो समोरून आला. नाणी हातोहात फिरू लागली, तसे राजाचे नाक प्रथम झिजले आणि आतले तांबे उघडे पडले. लोकांनी राजाला ‘म्हातारा तांबेनाक्या’ म्हणायला सुरुवात केली. फसवणूक नेमकी राजाच्याच नाकावर उघडी पडावी, ही गंमत खरीच!

समोरचे चेहरे नाण्यांवर कधीच आले नाहीत, असे मात्र नाही. बायझंटाईन सम्राटांनी ते सर्रास वापरले. अमेरिकेत २००६ मध्ये पाच सेंटच्या नाण्यावर थॉमस जेफरसन समोरून दिसू लागला. तरीही राजांच्या नाण्यांवर बाजूच्या चेहऱ्याचीच प्रथा अधिक टिकली.

आपल्याकडे ती वायव्येकडील ग्रीक राजांच्या नाण्यांतून आली व पुढे पश्चिम भारतातील क्षत्रपांनी उचलली. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे क्षत्रप नहपानाच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात चांदीची १३ हजारांहून अधिक नाणी होती. प्रत्येकावर उजवीकडे पाहणारा चेहरा होता. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. नहपानाचा पराभव झाला होता आणि बाजारात फिरणाऱ्या प्रत्येक नाण्याने ते सांगायचे होते. पण चांदी न वितळवता केवळ नवा ठसा मारल्यामुळे कित्येक नाण्यांवर डोंगराच्या कमानींखालून जुन्या चेहऱ्याच्या नाकाची व हनुवटीची रेषा अजूनही डोकावते. पुढे गौतमीपुत्राच्या वंशातील वासिष्ठीपुत्र पुळुमावी व यज्ञ सातकर्णी यांनी चांदीची स्वतःची नाणी पाडली. त्यांवर त्यांनी आपला चेहरा घातला, तोही उजवीकडे पाहणारा.